मशीनला नावं ठेवायची नाहीत

मला सगळे पिवळी म्हणतात, मित्रांनो. आता अंगावर पिवळं फारसं उरलेलं नाही. कोपऱ्यांतून गंज वर आला आहे आणि उरल्यासुरल्या रंगावर भुशाचा थर बसला आहे, तरी नाव तेच. मी एक जुनी फिरती आरामशीन आहे. आरागिरणीत लोक ओंडके घेऊन येतात, माझं उलटं. मला ट्रॅक्टरमागे जोडायचं आणि झाड जिथं पडलं असेल तिथं न्यायचं. दोन मोठी चाकं, त्यांच्यावर ताणून बसवलेला दातेरी पोलादी पट्टा, एक इंजिन, पट्टा ओंडक्यातून पुढे ढकलायची दांडी आणि चाकांना झाकणारं पत्र्याचं झाकण, एवढाच माझा संसार.

मी कोणत्या कंपनीची ते सांगणार नाही. आमच्या धंद्यात कंपनीचं नाव तसंही कोणी घेत नाही, ट्रॅक्टरसारखं रंगावरून ओळखतात. एक पिवळी आणि एक निळी. नवीन माणूस या धंद्यात आला की आधी आम्हा दोघींत अडकतो. कोणती घेऊ, कोणती नको, याला विचार, त्याला विचार. माझी गोष्ट त्या विचारण्याचीच आहे, आणि ती गोड नाही हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म कारखान्यातला. ज्या फिटरने माझं झाकण बसवलं, त्याने कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. कडी सैल आहे हे त्याच्या बोटांना कळलं होतं. तेवढ्यात जेवणाची घंटा झाली. त्याने माझ्यावर ‘तपासले’ असा शिक्का मारला आणि डबा घेऊन निघून गेला. माझ्याबद्दलचं पहिलं खोटं ते. त्याचा मला राग नाही, भूक सगळ्यांना लागते.

मला घेतलं नागपूरजवळच्या वाडी गावच्या गोपाळराव बावणे यांनी. अमरावती रोडवरच्या गोदामांना मालाची लाकडी खोकी बनवून देण्यात त्यांची अर्धी हयात गेलेली. एका ट्रान्सपोर्टच्या गोदामामागे त्यांचं टिनाचं शेड, शेडला लागूनच दोन खोल्यांचं घर, आणि घरात ते आणि त्यांच्या पत्नी बायजाबाई. गोपाळराव स्वभावाने इतके गोड, की रस्त्यात ट्रकवाल्याने शिवी हासडली तरी हे ‘हो जी, चुकलं जी’ म्हणत बाजूला व्हायचे. बायजाबाई कमी बोलायच्या, पण जे बोलायच्या ते मुद्द्याचं.

मी आले त्याच्या तिसऱ्याच महिन्यात तो प्रसंग घडला. काटोल रस्त्याला एका शेतात बाभळीचा ओंडका कापत होतो. मधेच पट्टा तुटला. पट्टा तुटण्यात नवल काही नाही, तो कधी ना कधी तुटतोच, आणि तुटला तर आतच राहावा म्हणून तर झाकण असतं. पण इंजिनाच्या थरथरीने माझी कडी आधीच निसटली होती. झाकण उघडलं आणि तुटका पट्टा सपकन बाहेर येऊन समोरच्या बोरीच्या खोडात रुतला. गोपाळराव नेमके इंजिन चालू ठेवून तंबाखू-सुपारीचा खर्रा खायला चार पावलं बाजूला गेले होते, म्हणून वाचले. ते खोडातून पट्टा उपटत बसले. खर्रा तोंडात टाकायचाही विसरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वाडीतल्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबची हातभर पट्टी कापून आणली आणि माझ्या झाकणाभोवती करकचून बांधली. त्या दिवसापासून झाकण एकदाही आपोआप उघडलं नाही. सुरुवातीला गाठ मारताना त्यांचा हात जरा थांबायचा. पुढे थांबेनासा झाला. तेल पाहायचं, पट्टा ताणायचा, रबर बांधायचं. घरातून निघताना माणूस चपला घालतो, तितकं ते साधं होऊन गेलं. माझ्यात खोट आहे हे ते विसरले. मी मात्र विसरले नाही. रोज ते रबर माझ्या अंगावर आवळलं जायचं, कशी विसरणार?

मित्रांनो, ती वर्षं तशी चांगलीच होती. वादळात पडलेले आंबे, वाळलेले निंब, बांधावरच्या बाभळी, सगळं मी कापलं. परवानगीचा कागद पाहिल्याशिवाय गोपाळराव ओंडक्याला हात लावत नसत. माझ्या फळ्यांचे दरवाजे झाले, पलंग झाले, एका गावच्या शाळेत बाकं झाली. शेतातली माणसं कौतुकाने हात फिरवून म्हणायची, “काय मशीन हाय गा!” आणि गोपाळराव लाजायचे. दसऱ्याला ते मला पाण्याने धुवायचे, हळदकुंकू लावायचे, झेंडूचा हार घालायचे. त्यांचा एक ठरलेला बोल होता. “मशीनचं खाऊन राहिलो, अन् तिलेच नावं ठेवू? जमत नाही आपल्याले.”

मला ते ऐकून फार बरं वाटायचं. आज त्याच वाक्याचा धसका वाटतो.

आरामशीनवाल्यांचा मोबाइलवर एक गट होता. विदर्भभरचे दोनशेच्या वर लोक त्यात, आणि गोपाळराव त्याचे प्रमुख. तिथे पिवळीवाले आणि निळीवाले यांचं नुसतं रान पेटलेलं असायचं. कळमेश्वरचा दुर्गेश नावाचा एक निळीवाला होता, तोंडाचा फाटका. त्याने एकदा लिहिलं, की पिवळीचं झाकण चिवड्याच्या डब्यालाही लावायच्या लायकीचं नाही, आणि ती घेणारे बैलबुद्धीचे आहेत. झालं! पिवळीवाल्यांनी त्याचा बाप काढला, त्याने त्यांचे आजोबा काढले. गटातले दोघे नात्याने व्याही होते, एक पिवळा, एक निळा. त्यातला एक भांडणापायी लग्नाच्या पंगतीतून न जेवता उठून गेला. गोपाळरावांना ते सहन झालं नाही. त्यांनी दुर्गेशला गटातून काढलं आणि नियम केला: सगळ्यांनी जी लावून बोलायचं आणि कोणाच्याही मशीनला नावं ठेवायची नाहीत.

गट एका दिवसात साखरेसारखा गोड झाला. सकाळी फुलांची चित्रं, सणाला शुभेच्छा, प्रत्येक निरोपाखाली जोडलेले हात. माझ्या झाकणाबद्दल उघड बोलणारा एकच माणूस होता आणि तो शिवराळ निघाला, हे माझं नशीब. त्याच्या शिव्यांबरोबर त्याचं खरंही बाहेर गेलं. त्यानंतर त्या गटात कोणाची मशीन बिघडली नाही, कोणाचा पट्टा तुटला नाही, कोणाची कडी निसटली नाही. सगळ्यांच्या सगळ्या मशीनी चांगल्या.

या जानेवारीत त्या गटात माया सोमकुवर आली.

गोपाळरावांना बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून निरोप बायजाबाई वाचून दाखवतात आणि उत्तर गोपाळराव फोनला तोंडाने सांगतात. दोघं माझ्याजवळच बसतात, त्यामुळे मलाही सगळं ऐकू येतं. मायाने लिहिलं होतं: ‘सर्वांना नमस्कार, जय भीम. मी नऊ वर्षं बुटीबोरीला कापडाच्या कारखान्यात आहे. तिथंच खोली करून राहते. माझे पती गोविंदा कळमेश्वरजवळ आमच्या गावी राहतात, झाडं पाडण्याचं काम करतात. आता नोकरी सोडून गावी जावं आणि दोघांनी मिळून मशीन चालवावी असा विचार आहे. नोकरी एकदा सोडली की परत घेणार नाहीत, म्हणून आधी आपणा अनुभवी लोकांना विचारते. पिवळी घ्यावी की निळी?’

खाली पाच प्रश्न, एकेक आकडा घालून. इंधन किती लागतं, बाभळीत पट्टा किती टिकतो, सुटे भाग नागपुरात मिळतात का, एकट्या बाईला मशीन ढकलता येते का. आणि पाचवा: ‘पट्टा तुटला तर तो झाकणाच्या आतच राहतो का? मशीन मी स्वतः चालवणार आहे म्हणून विचारते. राग मानू नये.’

बायजाबाईंनी हे वाचलं आणि माझ्या इंजिनात थेंबभर तेल नसताना मला घाम फुटला. इतक्या वर्षांत इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता.

गटातून उत्तरांचा पाऊस पडला. ‘दोन्ही रंग छान आहेत ताई.’ ‘मनाला पटेल ती घ्या जी.’ ‘आपापल्या जागी दोन्ही श्रेष्ठ.’ इंधनाचं, पट्ट्याचं, सुट्या भागांचं, ढकलण्याचं लोकांनी मनापासून सांगितलं. पाचव्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही. दोन दिवसांनी मायाने पुन्हा लिहिलं: ‘सर्वांचे आभार. पाचवा प्रश्न तेवढा राहिला आहे. गोपाळभाऊंकडे पिवळी आहे असं कळलं. त्यांनी सांगितलं तर फार उपकार होतील.’

“त्या रबराचं सांगा नं जी तिले,” बायजाबाई म्हणाल्या.

“काय सांगू वं? कडी खराब हाय म्हणून? कंपनीचा माणूस गटात हाय. अन् नियम कोणाचा? माह्याच. दुर्गेशले काहून काढलं मंग मी?”

“गटात नका सांगू. तिले फोन करा.”

“करतो ना. उद्या करतो.”

पण गटात विचारणाऱ्या बाईला तिष्ठत ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फोन तोंडाजवळ धरला आणि सांगितलं, “नमस्कार मायाताई. पट्टा कधीमधी तुटतो जी, पण आमच्याकडे आजवर कोणाले खरचटलंसुद्धा नाही.”

त्यात शब्दाचंही खोटं नव्हतं. कोणाला खरचटलं नव्हतंच. मी तिथं दोन हातांच्या अंतरावर उभी होते, मित्रांनो. बाभळीचा ओंडका चिरायची ताकद असलेला पट्टा अंगावर होता, आणि एक अक्षर बोलता येत नव्हतं. माझं झाकण थडथडलं असतं तरी त्या दोघांना वाटलं असतं, बाहेरून ट्रक गेला.

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांना भल्या सकाळी एका शेतावर जायचं होतं. त्यानंतरच्या दिवशी इंजिन कुरकुरत होतं. मग एका नातेवाइकाकडे साखरपुडा निघाला. बायजाबाईंनी एकदा आठवण केली, तेव्हा ते म्हणाले, “अरे हो, राहूनच गेलं.” आणि पुन्हा राहून गेलं. आठवडाभरात मायाचा निरोप आला: ‘गोपाळभाऊ, तुमच्या उत्तराने आमचं ठरलं. काल राजीनामा दिला. पिवळीच घेतो.’ गटाने अभिनंदन केलं. गोपाळरावांनीही केलं. नवीन मशीनचा फोटो आला तेव्हा बायजाबाईंनी फोन माझ्यासमोरच धरला होता. हार घातलेली, कोरी करकरीत, माझ्यासारखीच कडी. माझी धाकटी बहीण. तिच्या दांडीवर हात ठेवून माया उभी होती आणि तिच्या बाजूला गोविंदा, दोघंही फोटोसाठी फार ताठ. त्या मशीनच्या झाकणावर रबर नव्हतं.

सात आठवडे सगळं ठीक चाललं. मार्चमध्ये एका दुपारी गोविंदाचा फोन आला. पट्टा तुटला होता. कडी निसटून झाकण उघडं पडलं होतं. दांडी धरलेला मायाचा उजवा हात नेमका समोर होता. चार बोटं गेली, अंगठा राहिला.

गोपाळराव नागपूरच्या दवाखान्यात एकटेच जाऊन आले. परत आले ते घरात गेलेच नाहीत, मला ट्रॅक्टरला जोडायच्या दांड्यावर बसले. बायजाबाई पाणी घेऊन आल्या. ते त्यांनी तसंच खाली ठेवलं.

“राग केला नाही वं तिनं,” ते म्हणाले. “शिव्या देल्या असत्या तं बरं वाटलं असतं. मले पाहून उठून बसाले लागली. म्हणते, भाऊ, माह्या विचारण्यात काही चुकलं का? पाचवा प्रश्न मी नीट लिहिला नव्हता का?”

“मंग तुम्ही काय म्हटलं?”

“म्हटलं, नीट होता.”

“अन् रबराचं?”

गोपाळरावांनी नकारार्थी मान हलवली. “गोविंदा उभा होता बाजूले. त्यानं मले खुर्ची देली बसाले. खुर्ची देणाऱ्या माणसाले कसं सांगू?”

बायजाबाई त्यांच्यावर कधी ओरडल्या नव्हत्या, त्या दिवशीही ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “कारखान्यात धागा तुटला का बोटानं गाठ माराव लागते. आता तिले तिथं कोण घेईन जी?” आणि रिकामा हात पदराला पुसत आत गेल्या.

त्या संध्याकाळी गोपाळरावांनी पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. फोन तोंडाजवळ धरून त्यांनी सगळं सांगितलं. कडी सैल आहे, पहिल्याच वर्षी झाकण उघडलं होतं, आपण रोज ट्यूब बांधतो, मायाताईंनी विचारलं तेव्हा आपण ते सांगितलं नाही. आवाज अडखळत होता, त्यामुळे फोनने काही शब्द चुकीचे लिहिले. ते त्यांनी बायजाबाईंकडून वाचून घेत एकेक करून दुरुस्त केले आणि निरोप पाठवला.

सगळ्यांत आधी कंपनीच्या माणसाचं उत्तर आलं. अतिशय नम्र. ‘आदरणीय गोपाळराव, गटाच्या नियमाची आठवण करून देतो. क्षमस्व.’ खाली जोडलेले हात.

त्यानंतर जे आलं ते ऐकताना मला वाटलं, माझा गंज आतपर्यंत गेला आहे. काटोलच्या एकाने लिहिलं, ‘मी सायकलची चेन लावतो जी.’ उमरेडच्या एकाने, ‘आमच्याकडे नायलॉनची दोरी.’ कोणी बैलाचं दावं बांधत होतं, कोणी बायकोच्या जुन्या लुगड्याचा काठ, कोणी दोन बोल्ट ठोकले होते. बायजाबाई वाचत गेल्या, गोपाळराव ऐकत गेले. तेवीस पिवळ्या मशीनी, तेवीस मालक, आणि प्रत्येकाच्या झाकणावर काही ना काही बांधलेलं. दुर्गेश काहीही म्हणो, गोपाळरावांना इतके दिवस वाटत होतं, की खोट आपल्याच मशीनमध्ये आहे. त्या तेविसांनाही तसंच वाटत असणार. जानेवारीत ते सगळे गटात होते. सगळ्यांनी पाचवा प्रश्न वाचला होता आणि जोडलेले हात पाठवले होते.

मायाही गटातच होती, मित्रांनो. तिने ते तेवीस निरोप वाचले. दुसऱ्या दिवशी तिचा एक निरोप आला. डाव्या हाताने लिहिला असावा, कारण एरवी नीटनेटकं लिहिणाऱ्या तिच्या दोन ओळींत तीन चुका होत्या. ‘सर्वांचे आभार. माहिती उपयोगी आहे.’ आणि ती गटातून बाहेर पडली.

गोपाळरावांनी त्यानंतर मला कामाला काढलेलं नाही. विकायचं म्हणतात, पण विकताना काय सांगायचं या विचाराशीच अडतात. मायाची मशीन गावाकडे तशीच उभी आहे असं ऐकते. गोविंदा झाडं पाडतो आणि ओंडके दुसऱ्याच्या गिरणीत नेऊन टाकतो. माया घरी असते. कारखान्यात एकदा विचारून आली, त्यांनी तिला नम्रपणे नाही म्हटलं.

जुन्या वस्तूने शेवटी तेलपाणी मागावं, सावली मागावी, अशी रीत आहे. मला त्यातलं काही नको. गंजून जाऊ द्या मला, माझी काही तक्रार नाही. माझं मागणं वेगळं आहे. तुम्ही गोड बोला. जी लावून बोला. दुर्गेशसारखं कोणाला बैलबुद्धीचं म्हणू नका, कारण खरं सांगणाऱ्याने शिवी दिली की लोकांना फक्त शिवीच ऐकू येते. पण कोणी तुम्हाला विचारलं, की ही वस्तू घेऊ का, हिच्यापुढे मी उभी राहणार आहे, तर तुम्ही तिच्यावर रोज काय बांधता ते सांगा. सगळ्यांसमोर सांगायला जड जात असेल तर फोन करा. आणि तो फोन आजच करा. गोपाळराव वाईट माणूस नाहीत, त्यांना खरंच उद्या करायचा होता.

मायाने पाच प्रश्न विचारले होते. चारांची उत्तरं तिला दोन दिवसांत मिळाली. पाचव्याचं उत्तर देणारे चोवीस जण निघाले, तेव्हा ते वाचताना तिला फोन डाव्या हातात धरावा लागत होता.